फायर होज रील: मराठवाड्यातल्या दुकानदार, गाळेधारक आणि जिनिंगवाल्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणी इथल्या व्यापारी संकुलांतून, दवाखान्यांतून, शिकवणी वर्गांतून आणि जिनिंगमधून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर एकटं वाचलं तरी समजेल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

1. होज रील म्हणजे नेमकं काय? जिन्याजवळच्या लाल पेटीत घडी करून ठेवलेला कापडी पाईप तोच का?

नाही. पेटीतला चपटा कापडी पाईप 63 मिलिमीटरचा असतो आणि तो हायड्रंटला, म्हणजे फायरच्या लाईनवरच्या मोठ्या तोटीला, लावतात. तो पूर्ण उलगडल्याशिवाय त्यातून पाणी जात नाही. पाणी सुटल्यावर त्याचा झटका एवढा बसतो की शिकलेल्या दोन माणसांनीच तो धरावा. होज रील म्हणजे भिंतीवरच्या लाल ड्रमवर गुंडाळलेला, साधारण 20 मिलिमीटर व्यासाचा, गोलच राहणारा रबरी किंवा थर्मोप्लास्टिकचा पाईप. आपल्याकडे त्याची लांबी बहुधा 30 मीटर असते आणि टोकाला उघडबंद करता येणारं नोझल असतं. निम्मा पाईप ड्रमवर राहिला तरी पाणी येतं. दुकानातली मुलगी, वॉचमन किंवा कॉलेजचा शिपाई यांपैकी कोणीही एकटा ती चालवू शकतो. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंतच्या पहिल्या काही मिनिटांसाठी ती असते.

2. आमच्या इमारतीला रील बंधनकारक आहे का?

ते इमारतीची उंची, प्रत्येक मजल्याचं क्षेत्रफळ आणि मुख्य म्हणजे वापर यांवर ठरतं. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या भाग 4 मध्ये वापरानुसार तक्ता दिला आहे. महाराष्ट्रात त्याला आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 ची जोड आहे. तुमच्या मंजूर नकाशासोबत अग्निशमन विभागाची जी एनओसी आहे, तिच्यात काय काय बसवायला सांगितलंय ते आधी वाचा. ती सापडत नसेल तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे, वाळूज-शेंद्र्यासारख्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे चौकशी करा.

लोक वापर बदलतात आणि विसरतात, हा मोठा घोळ आहे. लातूर-नांदेडला दुकानं आणि ऑफिसं म्हणून मंजूर झालेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग, अभ्यासिका किंवा हॉस्टेल सुरू होतं. मग जिथे दहा माणसं बसणार होती तिथे दोनशे मुलं बसतात. वापर बदलला की आग सुरक्षेच्या अटीही बदलतात, आणि जुनी एनओसी दाखवून भागत नाही. सुरतमध्ये 24 मे 2019 ला व्यापारी संकुलातल्या शिकवणी वर्गाला लागलेल्या आगीत 22 विद्यार्थी गेले. वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने ती घटना समोर ठेवूनच स्वतःचा जिना, दार आणि रील पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

3. आग विझवायचे सिलिंडर लावलेत ना आम्ही. मग रील कशाला?

सहा किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम वीस सेकंदांत रिकामा होतो. रील टाकीत पाणी आहे तोवर चालते. दोन्ही लागतात, कारण जिथे पाणी मारायचं नसतं तिथे सिलिंडरच कामाचा (प्रश्न 15).

4. रील कुठे बसवावी? आमच्या आर्किटेक्टनी गाळ्याच्या मागच्या भिंतीला दाखवली आहे.

मागच्या भिंतीला नको. रील बाहेर पडण्याच्या वाटेवर, जिन्याच्या किंवा मुख्य दाराच्या जवळ असावी. पाणी मारणाऱ्याच्या पाठीशी दार पाहिजे. आग आवरली नाही तर पाईप टाकून त्याला सरळ बाहेर पडता आलं पाहिजे. रील मागे असेल तर माणूस धुरातून आत जाईल आणि परतीची वाट आगीच्या पलीकडे राहील.

उंची साधारण कंबरेएवढी, जमिनीपासून तीन ते साडेतीन फूट. पाईप प्रत्येक खोलीत शिरला पाहिजे आणि नोझलपासून कोणताही कोपरा सहा मीटरपेक्षा लांब राहता कामा नये. नकाशावर कंपास फिरवून हे ठरवू नका. तीस मीटरची सुतळी घ्या आणि रीलच्या जागेपासून रॅक, काउंटर, थप्प्या यांना वळसे घालत प्रत्यक्ष चालून बघा. मोंढ्यातल्या आडत दुकानात हंगामात पोत्यांची थप्पी लागली की वाट बदलते. म्हणून मोजणी थप्पी लागलेली असतानाच करा.

एक अडचण नेहमी सुटून जाते. जिन्याला आग रोखणारं दार असेल आणि रील जिन्याच्या आत असेल, तर पाईप दारातून ओढल्यावर दार उघडंच राहतं आणि धूर जिन्यात भरतो. वरचे लोक त्याच जिन्याने उतरणार असतात. अशा इमारतीत रील दाराच्या मजल्याकडच्या बाजूला लावून घ्या.

5. प्लंबर म्हणतो, बाथरूमच्या लाईनवरून एक टी काढून देतो. चालेल का?

चालणार नाही. रीलचं पाणी फायरच्या स्वतंत्र उभ्या लाईनवरूनच यायला हवं, आणि त्या लाईनपासून रीलपर्यंतची जोडणी किमान 25 मिलिमीटरची हवी. पाईप लोखंडी, जाड वर्गाचा. पीव्हीसी नको, कारण आगीत तोच आधी वितळतो आणि सगळं पाणी तिथेच वाहून जातं. प्रत्येक रीलला स्वतःचा व्हॉल्व्ह लागतो, म्हणजे एक दुरुस्तीला काढली तरी बाकीच्या चालू राहतात. रील घेताना आयएस 884 चा छाप पाहा. बसवण्याच्या आणि देखभालीच्या पद्धतीसाठी आयएस 3844 आहे. काम देताना करारात हे दोन्ही क्रमांक लिहून घ्या, म्हणजे नंतर वाद राहत नाही.

6. एप्रिल-मेमध्ये पिण्याला पाणी नसतं. फायरच्या टाकीतलं पाणी तात्पुरतं वापरलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न मराठवाड्यातच सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणाऱ्याची अडचण खरी असते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत असताना दहा हजार लिटर भरलेलं पाणी बघून कोणाचाही जीव वरखाली होतो. तरीही त्या पाण्याला हात लावायचा नाही. ज्या महिन्यांत टाकी रिकामी होते, त्याच महिन्यांत पंखे, एसी आणि कूलर वायरिंगवर भार टाकत असतात. हवा कोरडी असते, पत्रे तापलेले असतात. आगीची भीती ज्या काळात सगळ्यात जास्त, त्याच काळात रीलमधून नुसती हवा यावी, याहून वाईट काही नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ताकीद देऊन हे थांबत नाही. थांबतं ते पाइपिंगने. बाहेरून येणारं पाणी, मग ते नळाचं असो वा टँकरचं, आधी फायरच्या टाकीत सोडायचं. ती भरून ओसंडली की तेच पाणी वापराच्या टाकीत जाईल अशी जोडणी करायची. यात दोन फायदे आहेत. फायरची टाकी आपोआप सगळ्यात आधी भरते, आणि पाणी सतत बदलत राहिल्याने त्यात शेवाळ, वास धरत नाही. एकच टाकी असेल तर वापराच्या पाण्याचं तोंड वर घ्यायचं आणि फायरच्या पंपाचं तळाशी. वरचं पाणी संपलं की नळ कोरडे पडतात, खालचा साठा शिल्लक राहतो. मजुरी आणि दोन-चार फिटिंगचं काम आहे. पावसाळा संपून टाकी धुवायला काढाल तेव्हाच करून घ्या.

फायरच्या टाकीला नळ बसवलेला दिसला तर तो काढून प्लग मारा. व्हॉल्व्ह ठेवू नका. व्हॉल्व्ह असला की कोणीतरी तो उघडतोच.

7. रीलची चाचणी घ्यायची म्हणजे पाणी वाया घालवायचं. टंचाईत ते परवडत नाही.

हिशोब करून बघू. रीलमधून मिनिटाला साधारण 30 लिटर पाणी जातं. एका मिनिटाच्या चाचणीला दोन बादल्या लागतात. तेही पाणी ड्रममध्ये धरा आणि झाडांना किंवा फरशीला वापरा. वाया काहीच जात नाही. पाण्याचं कारण सांगून वर्षानुवर्षं न उघडलेल्या रीलचा पाईप पहिल्याच ओढीला सांध्यातून निसटतो, हे आम्ही अनेकदा पाहतो.

चाचणीला यंत्र लागत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरची रील निवडा, पाईप शेवटपर्यंत ओढा आणि पंधरा लिटरची बादली अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरते का ते मोबाईलवर मोजा. नंतर नोझल मोकळ्या जागेत धरून धार सहा मीटर जाते का पाहा. वरच्या दोन रील एकदम उघडून हेच जमलं तर तुमची व्यवस्था खरोखर काम करते. एकट्या रीलला धार चांगली आणि दोघींना मिळून लुळी, असं झालं तर पुढचं उत्तर वाचा.

याच आकड्यांतून दुसरी गोष्टही कळते. एक रील सलग चालली तरी पाच हजार लिटरची भरलेली टाकी अडीच तासांहून जास्त पुरते. मोठी टाकी बांधण्यापेक्षा आहे ती भरलेली ठेवण्यावर जोर द्या.

8. तळमजल्यावर जोरदार धार येते, सगळ्यात वर मात्र नुसतं ठिबकतं. पाईप चोक आहे का?

बहुतेक वेळा चोक नसतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीपासून वरचा मजला तीन-चार मीटरच खाली, म्हणून तिथे दाब जवळजवळ नाहीच. यासाठी गच्चीवर बूस्टर पंप बसवतात आणि तो सुरू झाल्याशिवाय वरच्या रीलला धार येत नाही. पंप सुरू करूनही धार आली नाही तर क्रमाने टाकीखालचा व्हॉल्व्ह, पंपाचा फुटव्हॉल्व्ह किंवा गाळणी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि शेवटी नोझल तपासा. टाकीखालचा व्हॉल्व्ह कोणीतरी दुरुस्तीला बंद केलेला आणि तसाच राहिलेला, असं फार वेळा निघतं. तो उघड्या स्थितीत साखळी लावून ठेवा.

9. लाईट गेली किंवा आगीच्या वेळी मेन बंद केलं तर पंप कसा चालेल?

फायर पंपाची वीज इमारतीच्या मेन स्विचच्या आधी, स्वतंत्र स्विचवरून घ्यायची असते. तसं केलं तर मेन पाडल्यावरही पंप चालू राहतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पंप कॉमन मीटरच्या आतूनच घेतलेला असतो. मग घाबरून कोणी मेन पाडलं की पाणीही त्याच क्षणी थांबतं. तुमच्याकडे काय आहे ते आजच मेन पाडून, पंप चालवून बघा. त्या स्विचवर लाल रंगात "फायर पंप, बंद करू नये" असं मराठीत लिहा.

भारनियमनासाठी जनरेटर किंवा डिझेल पंप लागतो. डिझेल पंप आठवड्यातून एकदा काही मिनिटं चालवला पाहिजे. तसा न चालवलेल्या पंपाची बॅटरी उन्हाळ्यात हमखास उतरलेली सापडते.

10. देखभालीत काय काय बघायचं आणि कधी?

महिन्यातून एकदा वॉचमनने नुसतं पाहायचं: समोर खोकी, दुचाकी, पुतळे उभे नाहीत ना, ड्रम हाताने फिरतो का, नोझल जागेवर आणि बंद आहे का, खाली ओल आहे का. दर सहा महिन्यांनी सगळा पाईप ओढून प्रश्न 7 मधली चाचणी. वर्षातून एकदा नोझल बंद ठेवून पूर्ण दाब द्यायचा आणि पाईपवर, सांध्यांवर हात फिरवत फुगवटा किंवा पाझर शोधायचा. फिरत्या सांध्यातून, म्हणजे ड्रमच्या मध्यातून पाणी गळत असेल तर बहुधा ओ-रिंग गेलेली असते. ती स्वस्त आहे, पण तेवढ्यासाठी लोक व्हॉल्व्ह कायमचा घट्ट बंद करून टाकतात आणि पुढे तो फिरतच नाही.

चाचणीनंतर आधी व्हॉल्व्ह बंद करा, मग नोझलमधून दाब सोडा, नोझल बंद करा आणि पाईप सैल न ठेवता एकसारखा गुंडाळा. पाईप कायम दाबाखाली ठेवला तर लवकर जातो. जॉकी पंप (लाईनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) काही कारण नसताना पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर लाईनवर कुठेतरी गळती आहे असं समजा.

आपल्या हवामानामुळे मी एक तपासणी जादा सुचवतो: होळीच्या आसपास, उन्हाळा चढण्याआधी.

11. बोअरचं पाणी आहे. नोझल सारखं चोक होतं.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं. व्हॉल्व्हमध्ये आणि नोझलच्या बारीक छिद्रात पांढरा थर बसतो. टाकी तळाला गेली की गाळही ओढला जातो. दर चाचणीला नोझल काढून आधी मोकळ्या पाईपमधून पाणी सोडा, मग नोझल साफ करून लावा. व्हॉल्व्ह तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद-उघड केला तर थर धरत नाही.

12. पाईपला तडे गेलेत, एका ठिकाणी उंदरांनी कुरतडलंय. टेप मारून चालेल?

टेप, क्लॅम्प, ट्यूबचा तुकडा यांतलं काहीही चालत नाही. दाबाखाली ते सुटतं आणि नेमकं आगीत सुटतं. पाईप बदला. तडे बहुतेक थेट उन्हाने जातात, म्हणून उघड्या व्हरांड्यातल्या किंवा शेडच्या पश्चिमेच्या रीलला दार असलेलं कपाट किंवा जाड आवरण द्या. धान्य, सरकी, बियाणं असलेल्या गोदामात उंदीर असणारच. तिथे कपाटाच्या तळाची पाईपची भोकं बंद करा आणि महिन्याच्या पाहणीत ड्रमचा आतला वेढाही उलगडून बघा. कुरतडलेलं आतच असतं.

13. जानेवारी आणि जुलैचं "फॉर्म बी" म्हणजे काय? ते कोण देतं, आणि गाळे दहा जणांचे असतील तर जबाबदारी कोणाची?

2006 च्या अधिनियमानुसार आग सुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाकडे द्यावं लागतं. ते महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांनी परवाना दिलेली एजन्सीच देऊ शकते. एजन्सीचा परवाना चालू आहे का, हे काम देण्याआधी तपासा. न येता, रील न उघडता कोणी कागद देत असेल तर तो घेऊ नका. प्रमाणपत्रावर सही एजन्सीची असली तरी आत अडकणारी माणसं तुमची असतात. चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि बादली तुमच्या हातात ठेवा.

जबाबदारी मालकाचीही आणि जागा वापरणाऱ्याचीही, असं कायदा मानतो. "मी भाडेकरू आहे" किंवा "मी पुण्यात राहतो" यावर सुटका नाही. संकुलात सामाईक टाकी, पंप, उभी लाईन यांचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा आणि एका माणसाचं नाव लेखी ठरवावं. गाळ्याच्या आतली रील त्या गाळ्याने पाहावी. धोका गंभीर असेल तर इमारतीची वीज आणि पाणी तोडायला लावण्याचा अधिकारही या कायद्यात आहे.

14. नोझल चोरीला जातात. कपाटाला कुलूप लावलं तर?

कुलूप लावू नका. कपाटाला काच बसवा किंवा सहज तुटणारं सील लावा. पितळी नोझल वारंवार जात असतील तर प्लास्टिकचं प्रमाणित नोझल लावा. दुसरी अडचण मार्केटची: रील शटरच्या आत, आणि रात्री शटर बंद. रात्रीची आग वॉचमनलाच पहिल्यांदा दिसते, म्हणून सामाईक मार्गात किमान एक रील असायलाच हवी.

15. कोणत्या आगीवर रीलचं पाणी मारायचं नाही?

कागद, कापड, लाकूड, बारदान, कापूस यांवर रील उत्तम. विजेच्या पॅनेलवर, चालू वायरिंगवर नाही. आधी त्या मजल्याची वीज तोडा, मग पाणी. हॉटेलच्या कढईतल्या तेलावर पाणी पडलं तर पेटतं तेल भडका घेऊन छतापर्यंत जातं, म्हणून तिथे झाकण आणि योग्य सिलिंडर. पेट्रोल, थिनर, रंग आणि सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमधलं हेक्झेन यांवर पाण्याची धार मारली की आग पसरते.

जालन्याच्या स्टील कारखान्यांतून विचारणा येते, म्हणून वेगळं सांगतो. वितळलेल्या लोखंडाजवळ पाणी कधीही नेऊ नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू स्फोटासारखा उडतो. तिथे रील ऑफिस, स्टोअर आणि केबल नसलेल्या गोदामापुरती ठेवा, फर्नेसच्या फलाटावर नको.

16. प्रत्यक्ष आग लागली तर क्रम काय?

आधी ओरडून माणसं बाहेर काढा आणि 101 ला फोन करा. आग छोटी वाटली तरी फोन आधीच. मग व्हॉल्व्ह उघडा, रीलपाशीच नोझल क्षणभर उघडून पाणी येतंय याची खात्री करा, आणि नंतरच पाईप ओढत पुढे जा. कोरडा पाईप घेऊन आगीसमोर उभं राहण्याची वेळ कोणावर येऊ नये. दार पाठीशी ठेवून वाकून उभे राहा आणि ज्वाळांच्या टोकावर न मारता बुडाशी पाणी मारा. धूर छातीच्या खाली उतरला की पाईप सोडून बाहेर या.

17. आमचं जिनिंग आहे. गाठीची आग रीलने विझली, वर ओलंही झालं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटली. असं का?

दाबलेल्या गाठीत पाणी आत शिरत नाही. वरचा थर विझतो, आतला कापूस धुमसत राहतो आणि हवा मिळाली की तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा पेट घेतो. म्हणून पेटलेली गाठ रीलचं पाणी चालू ठेवून थप्पीपासून बाजूला काढा, मोकळ्या पटांगणात नेऊन पट्ट्या तोडा आणि कापूस थर थर फोडत भिजवा. पट्ट्या तोडताना आतून एकदम ज्वाळा येऊ शकते, तेव्हा नोझलवाला माणूस समोर तयार असू द्या. शेजारच्या गाठीही निदान पाच दिवस वेगळ्या ठेवून हात लावून बघत राहा. गोदामात परत नेण्याची घाई करू नका. दिवाळीनंतर आवक वाढली की पटांगणही कापसाने भरतं, म्हणून अशी मोकळी जागा हंगामाआधीच आखून ठेवा आणि तिथपर्यंत रील पोचते का ते प्रश्न 4 मधल्या सुतळीने मोजून घ्या.